रॉयच्या डाव्या कानाला ऐकू आलेलं

आधीच सांगते, मी सिग्नल प्रोसेसिंगवाली. ज्याचा ग्राफ काढता येत नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. घरी कुणी अंगात येण्याच्या, चाहूल लागण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. त्यामुळे हा अनुभव लिहायला मला इतकी वर्षं लागली... आणि गंमत म्हणजे याचा ग्राफ माझ्याकडे आहे. तोच तर घोळ आहे.

२००४ सालची गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या डिपार्टमेंटच्या तळघरात वर्कशॉप होतं आणि तिथे रॉय नावाचा टेक्निशियन होता. वय साठच्या पुढे, हात फावड्यासारखे, पण लेथवर केसाच्या जाडीइतकं अचूक काम करायचा. माझ्या प्रयोगाचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हातचा. त्याला 'अनघा' म्हणायला जमायचं नाही, म्हणून मला 'ॲना' म्हणायचा.

रॉयला ऐकू कमी यायचं. उजव्या कानाने बरं, डाव्याने जवळजवळ नाहीच. तिकडे शाळकरी वयापासून हरणाच्या शिकारीला जातात, आणि त्याच्या तरुणपणी कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालत नसे. उजव्या खांद्याला बंदूक लावली की डावा कान नळीच्या बाजूला येतो. चाळीस वर्षं सगळा दणका त्या कानाने सोसला होता.

एकदा मी सहज विचारलं, "या वर्षी शिकारीला जाणार ना?"

तो मशीन बंद करून म्हणाला, "तीन वर्षं झाली सोडून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी जंगलात डावीकडे काहीतरी हललं, म्हणून त्याने बंदूक वळवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीत त्याला त्याच्या मुलीचं नाक दिसलं. ती त्याला चार वेळा "डॅड" म्हणून हाक मारून चुकली होती! चापावर बोट होतं त्याचं. त्या दिवशी घरी जाऊन त्याने बंदूक कपाटात ठेवली आणि किल्ली बायकोकडे दिली.

मी त्या रात्री झोपलेच नाही नीट. कारण त्याला जे हवं होतं तेच तर माझं काम होतं. हळू आवाज मोठा करायचा आणि बार उडाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दार बंद करायचं. असे इलेक्ट्रॉनिक इअरमफ्स, म्हणजे दोन्ही कान झाकणारे कप, बाजारात मिळायचे, पण ते सगळंच सरसकट मोठं करत. रॉयला वारा नको होता, पाचोळा हवा होता. आणि आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कानांना वेगवेगळे माइक.

माझी रूममेट मृणाल, नागपूरची, ऑडिओलॉजी शिकत होती. तिने रॉयचे कान तपासले आणि मला ग्राफ दाखवला. "डावीकडे काहीच नाही उरलं यार. थोडासा खालच्या पट्टीतला आवाज, बस. तू काय जादू करणार आहेस?"

जादू नाही, पण चार महिने खपले. रॉयने कप स्वतः बसवले, मी पाचोळ्याची बारीक सळसळ त्या उरलेल्या खालच्या पट्टीत आणून मोठी करणारं सर्किट केलं. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा घातले तेव्हा मी त्याच्या डावीकडे कागद चुरगाळला आणि तो त्या बाजूला वळला. मग चष्मा काढून पुसत बसला बराच वेळ.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा सोमवार म्हणजे तिकडे शिकारीचा पहिला दिवस, शाळांनासुद्धा सुट्टी. असलं यंत्र नियमात बसतं का, हे रॉयने आधीच विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, "तू येत असशील तरच मी जाईन." मी आयुष्यात अंडंही न खाल्लेली बाई! पण गेले. आईला सांगितलं, फील्ड टेस्ट आहे... खोटं नव्हतंच ते.

गावापासून चाळीस मिनिटांवरचं सरकारी जंगल. उतारावर लॉरेलची दाट झुडपं, छातीपर्यंत. पाचोळ्यावर पातळ बर्फ. आम्ही दोघं भडक केशरी जॅकेट घालून एका पडलेल्या झाडाशी बसलो होतो. रॉयच्या मफ्सना मी मिनीडिस्क रेकॉर्डर जोडला होता. डावा कान एका चॅनलवर, उजवा दुसऱ्यावर. मी साधे मफ्स घातले होते, एक कान उघडा ठेवून.

नऊच्या सुमारास त्याने मफ्स काढून थर्मासमधली कॉफी घेतली, मलाही दिली. पुन्हा घातले. मग साधारण वीस मिनिटांनी त्याने माझ्या गुडघ्याला हात लावला. "तिथे."

डावीकडे, ऐंशी-नव्वद पावलांवर, लॉरेलच्या वर शिंगं दिसत होती. मोठी. हलत होती. खाली तपकिरी पाठ. मी कान झाकला. रॉयने बंदूक खांद्याला लावली. सेफ्टीचा खटका सरकवल्याचा बारीक 'टक' झाला.

आणि तो थांबला.

एक, दोन, तीन, चार... मी मनात मोजत होते. त्याने नळी आकाशाकडे केली आणि मोठ्यांदा ओरडला, "कोण आहे तिकडे?"

शिंगं थबकली. आणि शिंगांच्या खालून माणसाचा आवाज आला, "मी आहे! मारू नका!"

झुडपातून चाळिशीचा एक माणूस बाहेर आला. सकाळीच मारलेलं हरीण त्याने दोन्ही खांद्यांवर आडवं घेतलं होतं आणि ओझ्याने वाकलेलं त्याचं डोकं आणि केशरी जॅकेट त्या धुडाखाली पूर्ण झाकलं गेलं होतं. समोर कोण आहे, काय होणार होतं, हे लक्षात आल्यावर त्याने दोन्ही हात वर केले. हरीण बाजूला पडलं. ग्लेन नाव त्याचं.

रॉयने बंदुकीतून गोळ्या काढल्या, बंदूक खाली ठेवली, मग त्याच्याजवळ गेला. म्हणाला, "तू खोकलास म्हणून वाचलास बाबा."

ग्लेन म्हणाला, "मी? मी नाही खोकलो. ओझ्याने श्वास घ्यायची मारामार होती, खोकतो कुठला!"

"खोकलास. डावीकडून स्पष्ट ऐकलं मी."

वाद कोण घालणार? जिवंत माणसाला पाहून आम्ही तिघंही नुसते हसत सुटलो होतो. मी तर रडतही होते.

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. तिकडे पहाट. "बाबा, माझ्या यंत्राने माणूस वाचवला!" तासाभरात अख्ख्या सोसायटीला कळलं असणार. ग्लेनने रात्रीच डिपार्टमेंटला मोठी मेल लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे गाईड सर लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, न्यूजलेटरच्या पहिल्या पानावर घेऊ. खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्याच दुपारी मी रेकॉर्डिंग लावलं. तो खोकला मला सगळ्यांना ऐकवायचा होता.

डावा चॅनल सपाट होता. सरळ रेघ.

मला वाटलं केबल. मी मफ्स उघडले. डाव्या कपातली बॅटरी धरणारी स्प्रिंग निसटली होती. रेकॉर्डिंग मागे नेलं. कॉफीसाठी मफ्स काढताना 'खट' असा आवाज, आणि तिथून पुढे डावीकडे काही नाही. म्हणजे ती वीस मिनिटं रॉयच्या डाव्या कानावर माझं यंत्र नव्हतंच, नुसतं झाकण होतं. आधीच बहिरा कान, वर पक्कं बूच.

उजवा चॅनल चालू होता, त्याच्या माइकलाही खोकला पकडता आलाच असता. मी तो पन्नास वेळा ऐकला. "तिथे." मग सेफ्टीचा 'टक'. मग चार सेकंद फक्त पाचोळा आणि रॉयचा श्वास. मग "कोण आहे तिकडे?" मध्ये खोकला नाही. कुजबूज नाही. काही नाही.

मृणालला ऐकवलं. "काय सांगून राहिली तू!" म्हणत तिने हेडफोन काढून घेतले. दोनदा ऐकून म्हणाली, "बहिऱ्या कानाला मेंदू कधी कधी स्वतःच आवाज पुरवतो. शिट्टी, गुणगुण, घंटा."

"खोकला?"

तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

"आणि नेमका तेव्हाच? नेमका त्या बाजूने?"

"मले नको विचारू," ती म्हणाली.

मी ती मिनीडिस्क खिशात घालून बसले होते बराच वेळ. कुणाला कळणार होतं? स्प्रिंग बसवायला अर्धं मिनिट. पण मी सरांकडे गेले आणि सांगितलं, न्यूजलेटर कॅन्सल करा, यंत्राची डावी बाजू त्या वेळी बंद होती. सर म्हणाले, "बरं झालं तू सांगितलंस." रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मग आता मी लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, जे झालं ते सांगा. मग म्हणाले, "त्या रॉयने खात्री नव्हती म्हणून गोळी झाडली नाही, असं सांगतो. आणि माझ्या मुलीने बंद पडलेलं यंत्र बंद पडलं म्हणून सांगितलं, असंही सांगतो."

सगळ्यात अवघड रॉयला सांगणं. वर्कशॉपमध्ये गेले, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि सांगितलं. स्प्रिंग दाखवली. वाटलं, चिडेल... किंवा घाबरेल. पुन्हा किल्ली बायकोला देईल.

रॉयने स्प्रिंग तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. "ही माझी चूक. खाच खोल घ्यायला हवी होती." मग त्याने विचारलं, "म्हणजे डावीकडचं बंद होतं?"

"हो."

"आणि तरी मला ऐकू आलं."

"रॉय, आवाजच नव्हता. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

त्याने हळूच डाव्या कानाला हात लावला, जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. आणि लहान मुलासारखा फुलून हसला. "ॲना, म्हणजे तो मी ऐकला. तुझ्या यंत्राने नाही. मी."

पुढच्या आठवड्यात मृणालने त्याचे कान पुन्हा तपासले. डावीकडे पूर्वीइतकंच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ऑडिओलॉजीतल्या आणि आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलंय. प्रत्येकाकडे अर्धं उत्तर असतं, पूर्ण कुणाकडे नाही. माझ्याकडे तर अर्धंही नाही.

नवी खाच रॉयने स्वतः कापली. ते मफ्स घालून तो त्यानंतर दर वर्षी मुलीबरोबर जात राहिला, आणि वर्कशॉपमध्ये नवा विद्यार्थी आला की ही हकीकत सांगायचा. सांगताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिचं यंत्र फार उत्तम आहे. पण त्या दिवशी ते बंद होतं."

आणि मी मान ताठ करून म्हणायची, "हो, बंद होतं."