फाटकावरचा झालमुडीवाला

बँकेतून परतताना मी मुलीला घ्यायला बेहाला भागातल्या तिच्या कॉलेजवर जायचो, तेव्हा तो फाटकापाशी असायचाच. झालमुडी म्हणजे मोहरीच्या तेलात कालवलेली सुकी भेळच. तिखट किती हवं ते प्रत्येकाला विचारून तो डब्यात चमचा खडखडवायचा आणि कागदाच्या पुडीवर शेवटी ओल्या खोबऱ्याचा एक काप खोचायचा.

मुलीच्या वर्गाला तीन दिवस खराखुरा धंदा करून उद्योजकता शिकायची होती. तिच्या गटानं झालमुडी निवडली. आधी दोन दिवस पोरींनी त्याच्याशेजारी उभं राहून सगळं विचारून घेतलं. त्यानं भाजलेल्या मसाल्याचं प्रमाणसुद्धा लपवलं नाही.

धंद्याच्या पहिल्याच दिवशी रखवालदारानं त्याला फाटकावरून हाकललं. पलीकडे ऑटोच्या रांगेमागे तो भर उन्हात उभा होता आणि गिऱ्हाईक एक नाही.

"तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत?" मी मुलीवर खेकसलो.

"बाबा, सर म्हणाले, बाहेरची स्पर्धा नको."

वा रे वा! ज्याच्याकडून शिकायचं त्यालाच हाकलायचं, आणि याला म्हणे उद्योजकता!

तिच्या गटाचा पहिला नंबर आला. चौथ्या दिवशी तो पुन्हा फाटकापाशी होता. मला पाहताच त्यानं विचारलं, "दादा, बेटी पास हुआ?"

मी खाली मानेनं निकाल सांगितला. तो इतका खुलला, की माझ्या पुडीवर त्यानं दोन काप खोचले.

ती पुडी मी घरी नेऊन मुलीच्या कोऱ्या करकरीत प्रमाणपत्रावर ठेवली आणि तेल पार झिरपेपर्यंत तिला उचलू दिली नाही.