हासळी मोडली त्या दिवसांत

रविवारी उजाडायच्या आत मी घरातून निघते. आई जागी असते, पण उठत नाही. आतूनच विचारते, "पाणी घेतलंस?" मी हो म्हणते आणि दार ओढून घेते. सुरुवातीला यावरून आमची खूप भांडणं झाली. मग आई थकली आणि बोलणं पाण्याच्या बाटलीवर येऊन थांबलं.

मी डर्ट बाईक चालवते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी मोठी गाडी घेऊन लडाखला वगैरे जात असेन. तसं नाही. ही गाडी फक्त मातीत चालते. तिला पुढे दिवा नाही, नंबरप्लेट नाही, ती रस्त्यावर आणता येत नाही. बदलापूरच्या पलीकडे एका माळावर ट्रॅक आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. मी मुलुंडहून स्कूटी काढते, ऐरोलीचा पूल ओलांडते, शिळफाट्यावरून पुढे जाते. ट्रॅकवर पोचून बूट चढवायचे, गुडघ्यांना गार्ड बांधायचे, आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत मातीचे उंचवटे, वळणं, चिखल. उंचवट्यावरून गाडी हवेत जाते तेव्हा क्षणभर काहीच ऐकू येत नाही. इंजिनचा आवाज असतो खरं तर, पण तो कानापर्यंत पोचत नाही. त्या क्षणासाठी मी आठवडाभर नोकरी करते असं म्हटलं तरी चालेल.

नोकरी अंधेरीला. लोक तक्रारी लिहून पाठवतात आणि मी त्यांना नम्र उत्तरं लिहिते. जाता-येता बस लिंक रोडवर अडकते, त्यामुळे कादंबऱ्या वाचून होतात. मुलुंडच्या एका जुन्या वाचनालयाची मी शाळेपासूनची सभासद आहे. आणि तिसरं वेड कपड्यांचं. विकत घेण्याचं नाही, शिवण्याचं. कॉलेजात असताना जवळच्या एका बाईंकडे शिवण शिकले, तेव्हापासून मी बाहेरचा कुडता घातलेला नाही. बाहीला वेगळा कट द्यायचा, खिसा कुठेतरी भलतीकडे लावायचा, दोन कापडं एकत्र आणायची, यात माझा शनिवार जातो.

ऑफिसातल्या मुली सोमवारी माझा कुडता बघतात, "झकास आहे गं" म्हणतात. त्यांना गाडीचं फार माहीत नाही. एकदा सांगितलं होतं, तर एकीने विचारलं, "लग्नानंतर काय करणार?" ट्रॅकवर सगळी मुलं. वाईट नाहीत, अगदी व्यवस्थित वागतात, पण मला मॅडम म्हणतात आणि माझ्याशी फक्त टायरबद्दल बोलतात. वाचनालयात तर कोणी कोणाशी बोलतच नाही. तीन ठिकाणी मी तीन बायका होते, आणि सगळी मिळून एक असलेली मी फक्त एकीला माहीत होते.

ती माझी मैत्रीण. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. पहिलीपासून एका बाकावर. मी पहिल्यांदा ट्रॅकवरून आले, चिखलाने माखलेली, तेव्हा तिने मला जिन्यातच बसवून सगळं विचारून घेतलं. तिला स्वतःला सायकलसुद्धा नीट येत नाही. पण ऐकायची मात्र अशी, की सांगणाऱ्याला आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटावं. मी वाचलेल्या कादंबऱ्यांची गोष्ट ती माझ्याकडून ऐकायची आणि म्हणायची, "झालं, आता मला वाचायला नको." लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. तसं बोरिवली काही परदेश नाही. तरी मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे आधी ठरवावं लागतं, आणि जिन्यात बसून बोलण्यासारख्या गोष्टी ठरवून बोलता येत नाहीत. मग तिला मुलगी झाली. मी एक झबलं शिवून नेलं, पिवळं, गळ्याशी बारीक चुण्या घातलेलं. तिने ते हातात धरून बराच वेळ बघितलं. बाळ झोपलं होतं, म्हणून आम्ही कुजबुजत बोललो, आणि कुजबुजत फार काही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पडले.

रोजचाच उंचवटा होता. पुढचं चाक मऊ मातीत रुतलं, गाडी एकीकडे आणि मी उजव्या खांद्यावर. उठून बसले, हात हलवायला गेले आणि कळलं. ट्रॅकचे मालक, पन्नाशीचे, स्वतः शर्यती खेळलेले, त्यांनी मला गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. हासळी मोडली होती, गळ्यापासून खांद्यापर्यंत जातं ते हाड. नर्सने कात्री घेतली. माझ्या अंगात मीच शिवलेली जर्सी होती, खांद्याला आणि कोपराला आतून जाड अस्तर लावलेली. तिच्यावर मी कितीतरी शनिवार घालवले होते.

"ताई, शिवणीवरून कापाल का?" मी म्हटलं.

"हाड मोडलंय आणि शिवण काय बघतेस," नर्स म्हणाली. पण तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काखेपासून गळ्यापर्यंत शिवणीच्या कडेने सावकाश कात्री चालवली. तेवढ्यानेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखतंय. "होईल, होईल बरं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "बरोबर कोण आहे?" मालक बाहेर फोनवर होते. मी म्हटलं, "कोणी नाही." हे बोलले आणि स्वतःच चमकले, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. डाव्या हाताने फोन काढला. घरी लावायला हवा होता, पण बोट मैत्रिणीच्या नावावर गेलं. रिंग पूर्ण वाजली. कोणी उचलला नाही. मग बाबांना केला.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे अपघात बघितले असतील, म्हणून फोनवर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. शुद्धीवर होतीस का, आणि बोटं हलतात का. टॅक्सी करून आले, येताना त्यांचा स्वतःचा जुना, पुढून बटणांचा शर्ट घेऊन आले. हात वर करता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. परतीच्या वाटेवर ऐरोलीच्या पुलावर फक्त म्हणाले, "आई बोलेल. बोलू दे."

आई बोलली नाही. तिने मला पलंगावर बसवलं, केसांतली माती विंचरून काढली आणि वेणी घातली. शाळेनंतर पहिल्यांदाच.

पुढचे कित्येक आठवडे हात गळ्यात. गाडी नाही, शिवण नाही. वाचायचं राहिलं, तर हातातली कादंबरी चांगली जाडजूड. डाव्या हाताने धरली की पान उलटेना, मांडीवर ठेवली की मान दुखायला लागे. दुपारी बाबा झोपत, आई भाजी निवडत बसे. माझी चाललेली झटापट दोन दिवस बघून ती म्हणाली, "दे इकडे."

"तू काय करणार?"

"वाचून दाखवते. मला वाचता येतं."

आईला मी पेपर सोडून काही वाचताना बघितलेलं नव्हतं. ती मालवणकडची, सातवी-आठवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन मुंबईत आली ती स्वयंपाकघरातच राहिली. चष्मा लावून तिने मी ठेवलेल्या खुणेपासून वाचायला सुरुवात केली. कादंबरी एका बाईची होती. ती नवऱ्याचं घर सोडते आणि नदीकाठच्या एका गावात खानावळ काढते. आई बातम्या वाचाव्यात तशी सपाट वाचायची, संवाद कोणाचा आहे हे कळायचं नाही, पण थोड्या दिवसांनी मला त्या सपाटपणाची सवय झाली. मधूनच थांबायची.

"हिने खानावळ काढली," एकदा म्हणाली, "आणि भाजी काय करते ते एकदापण लिहिलेलं नाही. लोक जेवतात काय मग?"

"ती गोष्ट खानावळीची नाहीये गं आई."

"मग काढली कशाला?"

चिडली की ती मालवणीवर जायची. नायिकेने नवऱ्याचं पत्र न वाचता चुलीत टाकलं तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाली, "ह्या बायेक काय एक कळणा नाय." आणि पुढे काय होतं ते कळावं म्हणून लगेच उचललं.

कधी कधी ती पानं गाळायची. "इथे काहीतरी आहे, आपल्याला नको," म्हणायची आणि दोन-तीन पानं एकदम उलटायची. मला हसू यायचं. वाटायचं, प्रेमबिम असेल, मोठ्या मुलीसमोर वाचायला लाजत असेल. पुढे हात जरा मोकळा झाल्यावर, आई बाजारात गेलेली असताना, मी ती पानं काढून बघितली. त्यांत तसलं काहीच नव्हतं. सगळे जेवून गेल्यावर ती बाई रिकाम्या खानावळीत एकटी आपलं ताट वाढून घेते, त्याचं वर्णन होतं. एके ठिकाणी नाही, आईने जिथे जिथे गाळलं होतं तिथे असंच काहीतरी. मी खूण होती तशी ठेवली आणि पुस्तक मिटलं. आईला त्याबद्दल विचारलं नाही. काय विचारणार होते?

मैत्रीण आली ती मी पडल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. बोरिवलीहून टॅक्सी करून, कडेवर मुलगी, खांद्याला भली मोठी बॅग. मुलगी चांगलीच वाढली होती. पिवळं झबलं आता तिच्या एका हातातसुद्धा गेलं नसतं.

"फोन केला होतास तू त्या दिवशी," ती बसता बसता म्हणाली. "मी बघितला होता. हिला लसीचा डोस दिलेला, किंचाळत होती. म्हटलं नंतर करते. मग राहिलंच यार."

"असू दे."

"असू दे काय? तू हॉस्पिटलमध्ये होतीस."

"तुला काय माहीत होतं."

"तेच ना. मला काही माहीतच नसतं आता."

आईने चहा आणून दिला आणि मुलीला घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, आता बोलू. मी तिला पडल्याचं सांगितलं, शिवणीचं सांगितलं, आई वाचते ते सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण तिचा कान बाहेरच्या खोलीकडे होता. मुलगी जरा कुरकुरली की तिचा चेहरा बदलायचा. मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"तुझ्याकडे किती काय काय असतं गं," ती एकदम म्हणाली. "गाडी, कपडे, पुस्तकं. मी साधी वेणी घालत नाही हल्ली."

"असतं. पण ते सांगायला कोणी लागतं."

तिने माझ्या पलंगावर पाय वर घेतले, लहानपणी घ्यायची तसे. "पाच मिनिटं," म्हणाली आणि भिंतीला टेकली. बघता बघता झोपली. तोंड किंचित उघडं, कपाळावर केस. आई मुलीला घेऊन दारात आली, तिने बघितलं आणि आवाज न करता परत फिरली. पंख्याचा वारा थेट मैत्रिणीच्या अंगावर येत होता. मी डाव्या हाताने चादर ओढली, जेमतेम गुडघ्यांपर्यंत आली. सगळी दुपार मी खुर्चीत बसून होते. कितीतरी दिवसांनी ती माझ्या इतक्या जवळ होती आणि मला तिच्याशी एक शब्द बोलायचा नव्हता, तिची झोप मोडेल म्हणून.

तिला जाग आली तेव्हा दिवे लागले होते. ती घाबरून उठली, मुलीला उचललं, बॅग भरली. दारात मला मिठी मारायला गेली आणि खांदा आठवून थांबली. "पुढच्या महिन्यात येते," म्हणाली. पुढच्या महिन्यात तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन निघालं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटलं. मी ट्रॅकवर गेले, गाडी चालू केली, आणि त्या उंचवट्यापाशी येऊन बाजूने वळले. मुलं बघत होती. बरेच रविवार मी बाजूनेच जात राहिले. मग एका सकाळी, तसं काही ठरवलेलं नसताना, वळले नाही. गाडी वर गेली, खाली आली, मी तिच्यावरच होते. मालक लांबून हात वर करून पुन्हा आपल्या फोनकडे वळले. शेडच्या सावलीत बसून मी फोन काढला, मैत्रिणीला लिहिलं, "आज उडी मारली." तिचं उत्तर मंगळवारी आलं, अंगठा आणि एक लाल बदाम. तेव्हा मी लिंक रोडवर बसमध्ये होते.

ती कादंबरी आईने मला शेवटपर्यंत वाचून दाखवली नाही. गळ्यातला पट्टा निघाला त्या दिवशी तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता तुझं तू वाच." मी वाचून संपवलं आणि वाचनालयात परत दिलं. नंतर एकदा तिथे गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आई येऊन गेल्या बुधवारी." आईने स्वतःचं सभासदत्व घेतलं होतं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

हल्ली रविवारी दुपारी मी ट्रॅकवरून येते, आंघोळ करते, जेवते आणि माझ्या खोलीत पुस्तक घेऊन पडते. बाहेरच्या खोलीत आई तिचं घेऊन बसलेली असते. ती काय वाचते ते दाखवत नाही, पुस्तकाला पेपरचं कव्हर घालते. कधीतरी तिकडून "हं" असा आवाज येतो. मी इथूनच विचारते, "काय झालं गं?"

"काही नाही," आई म्हणते. "तुझं चालू दे."