शिक्षा सारखी द्या

"काढ थे जर्सी. कॉलेजची हाये, तुह्या बापाची नाई."

आमचे क्रीडा शिक्षक हे अकोल्याच्या मैदानावर, सगळ्या टीमसमोर बोलले. मी फुटबॉलचा गोलकीपर. दोन वर्षं त्या कॉलेजसाठी गुडघे फोडून घेतले होते. मी म्हटलं, सर, आत बनियन नाही, खोलीवरून आणून देतो. ते म्हणाले, "चोराले लाज असते काय?" पोरं हसली. सगळी नाही. पण जी हसली त्यांची तोंडं मला अजून पाठ आहेत. मी जर्सी काढली, त्यांच्या हातात दिली आणि भरदुपारी उघड्या अंगाने कॉलेजच्या गेटातून बाहेर पडलो.

चोर कसला, तेही सांगतो. लपवायचं नाही मला.

आमचा कॅप्टन निखिल. त्याचे वडील शहरातले मोठे वकील, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेवरही तेच. निखिल फॉरवर्ड म्हणून चांगला होता, हे कबूल. अभ्यासात मात्र सगळा आनंदीआनंद. परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रीडा शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "थो तुह्या मांगंच बसते. जरासं दिसू दे त्याले. नापास झाला तं टीम बुडते आपली." मी हो म्हटलं. टीमसाठी म्हटलं, आणि सरांना नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणूनही म्हटलं. इतिहासाच्या पेपरात लिहून झालेली पुरवणी मी मागे सरकवली. तेवढ्यात भरारी पथक वर्गात शिरलं. माझा नंबर असलेली पुरवणी निखिलच्या बाकावर, त्याच्या हाताखाली सापडली.

निकाल काय लागला? निखिलला समज देऊन सोडलं. माझी ती परीक्षा रद्द, पुढच्या दोन परीक्षांना बंदी, टीममधून नाव कमी. पुरवणी देणारा चोर आणि घेणारा साव.

त्याच वेळी अमरावतीच्या एका कॉलेजला दोन खेळाडू हवे होते. फॉरवर्ड आणि गोलकीपर. त्यांच्या कोचने आम्हा दोघांना एका सामन्यात पाहून बोलावलं होतं. फी माफ, होस्टेल, मेस. निखिलला त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. मला त्याशिवाय शिकताच येणार नव्हतं. बाप मी लहान असतानाच गेला, आई बाळापूरला खानावळीत पोळ्या लाटते. फक्त टीसी स्वच्छ पाहिजे होती. टीसीवर वर्तणुकीचा एक रकाना असतो. निखिलच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं आणि तो अमरावतीला गेलासुद्धा. माझी टीसी ऑफिसात अडकली.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खोलीचं दार लावून पडून राहायचो. अमरावतीच्या कोचचा फोन यायचा, उचलायचो नाही. उचलून सांगणार काय? मग फोन यायचा बंद झाला. भूक मेली. आईला कळायच्या आधी आपण नसलेलं बरं, असं रोज वाटायचं. रोज.

एक दिवस प्राचार्यांनी आईलाच बोलावून घेतलं. ती सकाळच्या बसने आली. केबिनमध्ये निखिलचे वडील सोफ्यावर चहा घेत बसले होते. आईला कोणी बस म्हटलं नाही. प्राचार्य तिला म्हणाले, "तुमच्यासारख्यांच्या मुलांना आम्ही पदरात घेतो, आणि ही मुलं असे पांग फेडतात." आई मान खाली घालून उभी राहिली. तिचा अपमान माझ्यापायी झाला, ते मला अजून सोसत नाही.

मग खरं काम निघालं. विद्यापीठाच्या टीमची निवड तोंडावर आली होती आणि कॉपीच्या फायलीत निखिलचं नाव अजून होतंच. ते त्यांना पुसून हवं होतं. मी लिहून द्यायचं की, निखिलच्या नकळत मी माझी पुरवणी त्याच्या बाकावर टाकली. बदल्यात बंदी एकाच परीक्षेची आणि टीसीवर 'चांगली'. वकीलसाहेब आईला म्हणाले, "मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे हो."

"कोनाच्या पोराच्या, साहेब?" आईने विचारलं. प्राचार्यांच्या क्लार्कने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं. खोटं कशाला सांगू? क्लार्क सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. अमरावती दिसत होती मला. मेसमधलं दोन वेळचं ताट दिसत होतं. खाली सही केली आणि पालकाच्या सहीसाठी कागद आईपुढे धरला. आईला सही येते, वाचायला जड जातं.

"वाचून दाखव मले."

मी वाचलं.

"खरं हाये हे?"

"नाही."

"मंग लिवून कावून राहिला?"

"आई, टीसी..."

"लोकायचं पाप आपल्या नावावर लिवाले शिकवलं काय तुले?"

मैदानावर उघडा झालो तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती. तो कागद मी फाडला. दुसरा घेतला. लिहिलं, "मी पुरवणी दिली. निखिलने घेतली. क्रीडा शिक्षकांनी द्यायला सांगितली. तिघांनाही सारखी शिक्षा द्या." आईने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

"आयुष्यातून उठशील," प्राचार्य म्हणाले.

"तुम्ही उठवलंच आहे, सर. शिक्का मारून पोच द्या."

शिक्का मिळायला संध्याकाळ झाली. आम्ही दोघं तोवर उभेच होतो.

त्या अर्जाने काही झालं नाही. माझ्या टीसीवर 'परीक्षेत गैरप्रकार' असं आलं. अमरावतीने दुसरा गोलकीपर घेतला. निखिलचं नाव माझ्या कागदाशिवायही फायलीतून गेलं; तो विद्यापीठाकडून खेळतो, आणि मी अकोल्यात टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. महिन्यातून एकदा खाडा करून अमरावतीला विद्यापीठात जातो, त्याच अर्जाची प्रत देतो, पोच घेतो. तिथले साहेब दर वेळी समजावतात, पोरा, दयेचा अर्ज कर, तुझी बंदी कमी होईल.

दया नको. माझी बंदी एका दिवसानेही कमी करू नका, मी ती पुरी भोगणार आहे. पण बाकीच्या दोघांची अजून सुरूच झालेली नाही. ती सुरू होईपर्यंत मी येत राहणार.