यादीवरचं नाव

"नाव येतं, बाई," एवढंच ते म्हणायचे आणि चष्मा कपाळावर सरकवायचे. काल मी कुठली फाईल उघडली ते तुम्हाला कसं कळलं, असं कुणीही विचारलं तरी उत्तर हेच. नाव येतं.

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत नव्वदच्या दशकात सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले. गोपनीय फाईल कोण, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून उघडतं, यावर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. धरमतरच्या खाडीकाठचा माणूस, वडील मिठागरावर राबलेले. आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागे. रोज सकाळी ते आदल्या दिवसाची यादी छापून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवत.

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल तर ठाऊक असेल, अशा माणसाशेजारी डबा खायला कुणी बसत नाही.

एकदा मी माझाच गोपनीय अहवाल चोरून उघडला. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले. "चांगलं लिवलंय तुमच्याबद्दल. परत नका बघू." पण नाव वर गेलंच, मेमोही मिळाला. यादीतलं नाव ते कुणासाठी खोडत नसत.

त्या वर्षी माझ्या शेजारची टायपिस्ट काविळीने गेली. प्लान्टमधल्या कामगारांच्या रक्ततपासणीचे अहवाल तीच टाइप करायची. तिच्या कॉम्प्युटरवर आम्ही प्लास्टिकचं कव्हर घातलं.

दोन महिन्यांनी ते माझ्याकडे चार दिवसांच्या याद्यांची चार पानं घेऊन आले. वर पाठवली नव्हती. चारही पानांवर तिचं नाव होतं. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, रक्ताचे अहवाल.

"तिचं नाव कॉम्प्युटरमधून काढलं नव्हतं का तुम्ही?"

"हात धजला नाय, बाई."

मी तिच्या कव्हरवर बोट ओढलं. धुळीत रेघ उमटली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी त्यांच्या खोलीत गेले. एसी घुमत होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरकत होती. एक वाजून दहाला तिचं नाव आलं.

"आत्ता हाय ती," ते म्हणाले.

काचेतून तिची खुर्ची दिसत होती. रिकामी. पडद्यावर मात्र एक फाईल बंद झाली, दुसरी उघडली, सावकाश, ती काम करायची तशीच. चार दिवस भीतीने त्यांनी नावापुढचा कॉम्प्युटरचा नंबर वाचलाच नव्हता. आता त्यावर बोट टेकवलं.

"दवाखान्याचा नंबर हाय हा."

कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर पडद्यावरचे आकडे कागदावर उतरवत होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"पासवर्ड तिनंच सांगितला होता मला," त्या म्हणाल्या. "या कामगारांच्या रक्तात विष उतरलंय, आणि वरून हुकूम आहे, सगळं ठीक आहे असं सांगायचं. मी रोज त्यांच्या तोंडावर सांगते."

दारातूनच त्यांनी सिस्टरांसमोरच्या कागदाकडे पाहिलं.

"किती राह्यलेत?"

"अकरा जण."

"तेवढे बी लिवून घ्या," म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतरच्या सकाळी यादी मॅनेजरांकडे गेली. पाचही दिवसांचे ते अहवाल कुणी उघडले, तिथे त्यांनी स्वतःचं नाव छापलं होतं. चौकशीत "मीच बघितले" याखेरीज ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांचा पास काढून घेतला.

सिस्टरांनी उतरवलेले कागद कामगारांपर्यंत पोचले. कामगार गेटवर जमले, हटले नाहीत. शेवटी कंपनीला त्यांना मुंबईला उपचाराला पाठवावं लागलं. बरेच जण बरे झाले. सगळे नाही.

पास गेल्यावरही ते पुढे कित्येक महिने सकाळी कंपनीच्या बसच्या वेळी रामवाडीच्या थांब्यावर उभे असत. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. नोकरी गेल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं, हे नंतर कळलं. त्यांच्यासाठी बस थांबवायला मनाई होती. ते कुणाकडे पाहत नसत. बस त्यांच्यासमोरून जाताना मागच्या सीटांवरचे प्लान्टचे कामगार उठून उभे राहत.

एका सकाळी ते थांब्यावर नव्हते. ड्रायव्हरने बस थांबवली, दार उघडलं. कुणी चढलं नाही. कुणी चला म्हणालं नाही. खाडीकडचा खारा वारा तेवढा आत येत राहिला.