पाठीला पाठ

आईची किडनी बदलली, त्याला काही वर्षं झाली. नवी किडनी अंगानं नाकारू नये म्हणून तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी तिची प्रतिकारशक्ती दबलेली असते. तुमची साधी सर्दी तिला दवाखान्यात आडवी पाडू शकते. यात न कळण्यासारखं काय आहे? मी हे पत्रकात छापलंय, सोलापुरात चौकाचौकात वाटलंय. तरी तिचा मास्क बघून लोक उलटंच धरतात, की हिलाच काहीतरी लागणारं झालंय. शिंकणारा माणूस तिच्यापासून लांब सरकतो, स्वतःच्या नाकावर रुमाल मात्र धरत नाही.

मोहोळजवळच्या थोरल्या मावशीचे यजमान अचानक गेले. गर्दीच्या भीतीनं आई मातीला गेली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, आज जायचंच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोकळ्यावर बसा, मास्क काढू नका, मिठी मारू नका, लवकर निघा.

मिठी नाही, म्हणजे काय उरलं? आमच्याकडं दुखवट्याला आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते, हेल काढून रडते, गेलेल्याचं चांगलं आठवून सांगते. गळ्यात न पडता गेली, तर ती आली होती असं कुणी मानत नाही. एसटी नको म्हणून आम्ही माझ्या स्कूटीवर निघालो. मागं बसलेली आई वाटेत एकच विचारत राहिली, अक्का काय म्हणंल?

अंगणात लिंबाखाली बायका बसल्या होत्या. त्यातली एक सारखी खोकत होती. आम्ही लांबच उभ्या राहिलो, तशी एक बाई शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "तोंड बांधून रडाया आलीय. शहरात ऱ्हाऊन लई सोवळी झाली की."

दुसरीनं नातीला जवळ ओढलं. माझं डोकं सणकलं. मी पत्रकच सुरू केलं, की रोग हिच्याकडून तुम्हाला नाही, तुमच्याकडून हिला लागतो. आईनं माझं मनगट दाबलं.

"हितं दाजी गेल्यात. तुझं भाषण सोलापुरात कर."

तेवढ्यात मावशी दारात आली आणि हात पसरून सरळ आईकडं निघाली. आई मागं सरली. सख्ख्या बहिणीपासून.

"अक्का, मला गळ्यात पडता येत न्हाय गं."

मावशीचे हात तसेच राहिले.

"मला लागंल म्हणून, का तुला?"

"मला. गोळ्या चालू हायत्या न्हवं."

मावशीनं एकदा त्या बायकांकडं बघितलं. मग हौदावर जाऊन हात धुतले, पदर नाकातोंडावर घट्ट ओढला आणि भिंतीकडेची बाज मला मोकळ्यात ओढायला लावली. आईला तिनं रस्त्याकडं तोंड करून बसवलं. स्वतः पलीकडच्या काठावर घराकडं तोंड करून बसली आणि आईच्या पाठीला पाठ टेकवली.

"आता रड," म्हणाली.

मग दोघी रडल्या. मावशीचा हेल घराकडं जात होता, आईचा रस्त्याकडं. मी दवाखान्यात हुते तवा रोज डबा घेऊन येत हुतासा दाजी, असं आई रस्त्याला सांगत होती. एकीला हुंदका आला की दुसरीची पाठ हलायची. खोकणारी बाई मधेच उठली आणि कुणी न सांगता गोठ्याच्या पलीकडं जाऊन बसली. सोवळी म्हणणारीनं मात्र मान दुसरीकडं फिरवली. फिरवू दे.

परतताना हायवेला लागल्यावर आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अक्काची पाठ नुसती हाडं झालीय. जेवत न्हाय ती."

मी म्हटलं, फोन करून सांगू.

"फोननं कुणी जेवतंय व्हय? रविवारी डबा घेऊन यायचं. बाजंवर बसून खाऊ."