विलायती कोंबड्या आणि माझी ठिपक्यांची

लग्न होऊन देवरूखकडच्या डोंगरातून मी दाभोळच्या खाडीकाठी आले, तेव्हा आईने टोपलीत दोन कोंबड्या घालून बरोबर दिल्या होत्या. पुढच्याच वर्षी आई गेली. त्या कोंबड्यांची पिलं, मग पिलांची पिलं, असं माझं माहेर त्या खुराड्यात नांदत राहिलं. सासरी माझं म्हणण्यासारखं तेवढंच होतं. आमच्या वाडीत कोंबड्या बायकांच्याच असत. पुरुष खुराड्यात डोकावत ते पाहुणे आले तरच.

त्यांना तिथे डोकावायला शिकवलं माझ्या थोरल्या दिरांनी. ते मुंबईला एका कचेरीत शिपाई होते. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी विलायती कोंबड्या पाहिल्या आणि शिमग्याला येताना बोटीवरून एक पेटाराभर घेऊन आले. पांढऱ्याशुभ्र, लालभडक तुऱ्याच्या. रोज एक अंडं घालणाऱ्या. सोबत एक छापील पुस्तक होतं. त्यात म्हणे लिहिलं होतं की गावठीशी मिसळ झाली तर बी बिघडतं, म्हणून गावठी आधी काढून टाका. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. जन्मात मूठभर कण्या न टाकलेले बापये ओटीवर बसून कोंबड्यांच्या जातकुळीवर बोलू लागले. घरोघरी पेटारे आले आणि पावसाच्या आत सगळ्या वाडीने आपल्या गावठी कोंबड्या खाऊन संपवल्या.

माझ्याही गेल्या. वाचली ती एक ठिपक्यांची, कारण ती अंड्यांवर बसलेली होती आणि उबवणीतली कोंबडी उठवू नये असं सासूबाई म्हणाल्या. एक गावठी कोंबडा गावकाराच्या, म्हणजे देवाच्या मानकऱ्याच्या घरी ठेवला होता, तो देवाच्या राखणीसाठी, वाडी सांभाळणाऱ्या राखणदाराला बळी द्यायला. राखणदाराला पांढरा विलायती चालेल की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. तेवढं भय होतं म्हणायचं.

त्याच सुमारास शहाण्यांच्या ध्यानात आलं की विलायती कोंबडी खुडूक होत नाही. अंडं घालते आणि निघून जाते, उबवायला बसतच नाही. पुस्तकात त्यासाठी रॉकेलच्या दिव्यावर चालणाऱ्या यंत्राचं चित्र होतं. वाडीत ते चित्रच काय ते होतं. आम्हा बायकांना कोणी विचारलं असतं तर चार दिवसांत सांगितलं असतं, पण विचारतो कोण?

मग माझ्या नवऱ्याने ठिपक्यांचीच्या पोटाखालची तिची अंडी काढून उकिरड्यावर टाकली आणि पांढरीची ठेवली. टाकलेल्यातल्या एकात जीव धरला होता, मी पाहिलं. ती पिलं निघाली तेव्हा शेजारणी माझ्याकडे कोंबडी मागायला आल्या. बिचारी या घरून त्या घरी अंड्यांवर बसत राहिली. दुसऱ्यांची पिलं काढता काढता तिची पिसं झडली, हातात घेतली तर नुसती हाडं लागायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

पांढऱ्या पिलांना घारींनी उचललं, कातळावर ती लांबून दिसत. उरलेल्यांना दुसऱ्या पावसाळ्यात मानमोडीची साथ आली. आठ दिवसांत वाडीतले सगळे खुराडे रिकामे झाले. ठिपक्यांची तेवढी स्वयंपाकघरात टोपलीखाली होती, म्हणून जगली.

ती सावरली, पुन्हा अंडी देऊ लागली. पण कोंबड्याशिवाय त्या अंड्यांचा काय उपयोग? मी नवऱ्याला म्हटलं, गावकाराकडचा कोंबडा चार दिवस आणा. देवाच्या नावाचा कोंबडा असा कोणी देतं का, म्हणून ते हसले. राखणीच्या दिवशी तो कापला. मग मी माहेरी भावाला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप आला, शिमगा झाला की कोंबडा घेऊन येतो. मी दिवस मोजत होते.

शिमग्याला थोरले दीर आले. नवऱ्याने खुराडा उघडला. मी आडवी गेले, निरोपाचं सांगितलं, आईचंही नाव काढलं.

"दादा वरसानं आलेत," ते म्हणाले. "त्यांना काय सुकट वाढू?"

मी बाजूला झाले. ते मला अजून सलतं. वाटण मीच वाटलं, वडेही मीच तळले.

दीर पोटभर जेवले. म्हणाले, गावठीची चव ती गावठीची, त्या विलायती म्हणजे नुसता चोथा. मग ते सशांबद्दल बोलू लागले. लांब केसांचे विलायती ससे असतात, त्यांची लोकर निघते, पुढच्या खेपेला घेऊन येतो. माझा नवरा मान डोलवत होता. मी रस्सा वाढायला वाकले, तेव्हा दिरांनी विचारलं, "अशा गावठी अजून हायत ना चार-दोन?"

थोरल्या दिरांशी तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्या दिवशी मी बोलले.

"होती ती तुमच्या पानात आहे."

दिरांनी हाडूक पानाच्या कडेला ठेवलं आणि आणखी एक वडा मागितला.

आठ दिवसांनी भाऊ आला. तांबडा, उंच तुऱ्याचा कोंबडा काखेत धरून सगळा डोंगर उतरून आला होता. त्याने पाणीही घेतलं नाही. "आईची कोंबडी कुठाय?" म्हणत तो सरळ खुराड्याकडे निघाला.