न येणारे सर

गल्लीत मावशीबद्दल एक बोलवा आहे. म्हणे तिचा नवरा फार मोठा जादूगार होता. एका प्रयोगाच्या दिवशी "तू हो पुढे, मी आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच. तेव्हापासून बाईच्या डोक्यात फरक पडला. बिचारी त्याची पेटी घेऊन हिंडते, जिथे जाईल तिथे लोकांची माफी मागते आणि दाराकडे बघत बसते. हे सांगताना कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आवाज इतका खाली आणते की ऐकणाऱ्याला आपला कान तिच्या तोंडात नेऊन ठेवावा लागतो. वर शेवटी मान हलवून "कोणावर अशी वेळ येऊ नये बाई" हे आहेच.

यातली पेटी तेवढी खरी आहे. मावशीने लग्न केलेलंच नाही, त्यामुळे नवरा पळून जायचा प्रश्न येत नाही. जादूगार ती स्वतःच. आणि जो कधी आला नाही, त्याने तिला फसवलेलंही नाही. तिला फसवलं ते जो आला त्याने.

दिवसा मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिथे चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. मालक बहुधा बाहेर असतात. बाहेर म्हणजे कुठे, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. पुढे गिऱ्हाईक चिडलं की मावशी हात पुसत येते. "माफ करा हं, साहेब येतीलच एवढ्यात. मला काही सांगता यायचं नाही, मी आपली मागे असते." खरं तर चष्मा तिनेच केलेला असतो, दांडीही तिनेच सरळ करायची असते. पण "मी करून देते" म्हटलं की लोक संशयाने बघतात, आणि "साहेब येईपर्यंत जरा बघू का?" म्हटलं की चष्मा मुकाट्याने काढून हातात देतात. मावशीने हे बारा-तेरा वर्षं बघितलं आणि मनात ठेवून दिलं.

जादू ती लहानपणापासून करायची. हात असा साफ की समोर बसून बघितलं तरी आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास उडावा. पण सुरुवातीला ती काळा कोट घालून, काठी फिरवून, "आता पाहा!" अशी करायची, आणि लोक जांभया द्यायचे. सभागृहाचा व्यवस्थापक दर वेळी पेटी उचलायला मदत करत विचारायचा, "जादूगार मागून येतायत का?" तीनदा तिने सांगितलं, "मीच जादूगार." चौथ्यांदा कंटाळली. स्टेजवर गेली, कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दुकानातल्याच आवाजात म्हणाली, "माफ करा हं, सर येतीलच एवढ्यात."

सभागृहातली चुळबुळ थांबली. मावशीचं पात्र त्या दिवशी जन्माला आलं.

पुढे तिने त्याला न्हाऊमाखू घातलं. कोपरावर विरलेला स्वेटर, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली पर्स, दोरीला लटकणारा चष्मा. सरांनी लिहून दिलेली चिठ्ठी: कशालाही हात लावायचा नाही. मग फुलदाणी जरा सरळ करायला जावं तर तिच्यातून रुमाल बाहेर येतो. घाबरून आत कोंबावा तर दोन येतात. टेबलावरच्या जगमधलं पाणी पिऊन जग पालथा ठेवावा तर तो पुन्हा भरलेला. "अहो, हे असं नव्हतं! तुम्ही बघितलंत ना, मी काही केलं नाही!" मावशी हाताकडे कधीच बघत नाही. बघते ती लोकांकडे, कप फुटल्यावर मूल आईकडे बघतं तशी. त्या बाईला आपण जादू करतोय हे ठाऊकच नसतं, यावर सगळा डोलारा उभा. मावशी म्हणते, "तिला कळलं की खेळ खलास. मी तिला कळू देत नाही."

आणि सर? सर फोनवर. टेबलावर जुना काळा फोन, आणि पडद्यामागे माइक घेऊन मामा. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. एका मोठ्या दुकानात तो माइकवरून घोषणा करायचा. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावं, तिसऱ्या रांगेत साबणांवर सवलत आहे" हे तो असं म्हणायचा की साबण नको असलेला माणूससुद्धा तिसऱ्या रांगेत जाऊन उभा राहील. गुळगुळीत, जाड, शेवटचा शब्द जरा ओढलेला. तोच आवाज सभागृहभर घुमायचा:

"निघालोच आहेऽ. कशाला हात लावला नाहीस नाऽ?"

"नाही सर," मावशी म्हणायची, आणि तिच्या पर्समधून छत्री उघडत वर यायची.

चौदा वर्षं हे चाललं. प्रयोगाचा शेवट ठरलेला. सरांचा शेवटचा फोन: आज जमत नाही, लोकांना सांग. मावशी खुर्चीवरचा कोट घडी करायला घेते, तेवढ्यात त्या रिकाम्या कोटाची बाही उचलली जाते आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटते. या ठिकाणी हसून हसून लाल झालेले लोकही एकदम गप्प व्हायचे. का, ते त्यांना सांगता यायचं नाही.

चौदाव्या वर्षी कारखान्याच्या कामगारांचं संमेलन होतं. सहाशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. प्रयोग लोण्यासारखा चालला होता. शेवटचा फोन वाजला. मावशीने उचलला. आणि आवाज म्हणाला,

"मी आलोयऽ."

मावशीला वाटलं, मामा वाक्य चुकला. सावरून घ्यायला ती म्हणाली, "कुठे आलात सर? आवाज नीट येत नाही." बोलता बोलता तिचं लक्ष डाव्या विंगेकडे गेलं. तिथे पडद्यावर दिव्याचा गोल पडला होता. कोणी नव्हतं, नुसता स्वच्छ, पांढरा, वाट बघणारा गोल. दिवेवाल्याला कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं. मावशी म्हणते, मला पुढचं सगळं त्या गोलातच दिसलं, माणूस त्याच्यात नंतर आला.

मामा आला. नवा कोट, केस चापून बसवलेले, एक हात वर. सहाशे माणसं उभी राहिली. चौकशी करून करून थकलेल्या माणसाला अखेर साहेब भेटावेत, तसा आनंद झाला सगळ्यांना.

आणि इथे मावशी अडकली. ओरडावंसं वाटत होतं. पण स्टेजवर ती नव्हती, स्वेटरवाली बाई होती. आणि सर आल्यावर त्या बाईइतका आनंद जगात दुसऱ्या कोणाला होणार? रागावली असती तर ती बाई खोटी ठरली असती. चौदा वर्षांत मावशीने तिला एकदाही खोटं पडू दिलं नव्हतं. म्हणून मावशी धावत गेली, डोळे भरून म्हणाली, "आलात सर! मी सांगतच होते यांना!" आणि तिने त्याला स्वतःची खुर्ची दिली.

"एक जादू! एक जादू!" लोक ओरडायला लागले. मामाला कुठे येतेय जादू? त्याला नाणंसुद्धा नीट लपवता येत नाही. त्याने ऐटीत पाण्याच्या जगाकडे बोट केलं आणि थांबला. मावशीची तिकडे पाठ होती. तिचा हात मागे गेला. जग भरला. मामाने वळूनही बघितलं नाही. त्याने वाकून नमस्कार केला.

मेकअपच्या खोलीत तो घाम पुसत म्हणाला, "ताई! टाळ्या ऐकल्यास?"

"ऐकल्या. कोट कधी शिवलास?"

"झाला महिना. अगं, तुला आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून सांगितलं नाहीस."

"म्हणजे बघ, तुझं तुलाच पटतंय!" मामा हसला. मग हसणं ओसरलं. "चौदा वर्षं मी त्या पडद्याला नाक लावून बसलोय. लोक तुला भेटायला येतात, मला विचारतात, संडास कुठे आहे. सर मी आहे ना? मग मला कोणी का बघायचं नाही?"

"सर कोणीच नव्हतं रे. म्हणून तर प्रत्येकाचे वेगळे होते. कोणाचा बाप, कोणाचा साहेब. आता सगळ्यांचा तू झालास."

"मग वाईट काय त्यात?"

मावशी स्वेटरची बटणं काढत होती, ती निघेनात. मामाच त्याच गुळगुळीत आवाजात पुढचं बोलून गेला. आयोजकांशी त्याचं ठरलं होतं, पुढचे प्रयोग सरांसकट. पोस्टर छापून झालं होतं. मधोमध तो, कोपऱ्यात स्वेटर.

"हे आणखी कोणाला माहीत होतं?" मावशीने विचारलं.

माहीत सगळ्यांना होतं. दिवेवाल्याला, आयोजकांना. कोटाची बटणं तर माझ्या आईने, म्हणजे मावशीच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने लावली होती. आईचं म्हणणं, "मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय." मावशीने ते ऐकून घेतलं. पण त्यानंतर वर्षभर ती आमच्याकडे आली की चहा उभ्याउभ्याच घ्यायची.

पोस्टरच्या कोपऱ्यात राहायचं तिने नाकारलं. मामाने दुसरी मुलगी आणली. जादूच्या सामानाच्या दुकानातून दोन पेट्यांचे खेळ विकत घेतले, ज्यात जादू पेटीच करते, माणसाने फक्त हात हलवायचे. मावशी एकदा तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसून बघून आली. मुलीला तस्साच स्वेटर, तश्शीच पर्स. रुमाल बाहेर आला की ती घाबरल्यासारखं करायची, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. तिला माहीत होतं. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. मावशीला तेच जास्त लागलं. मामाने फसवलं ते एक वेळ समजलं असतं. पण चौदा वर्षं जे लोक आपल्या बाजूला आहेत असं धरून चाललो, त्यांनाही फरक पडला नाही? घरी येऊन तिने पेटी कपाटाच्या वर टाकली. मग आठ महिने नुसत्या काचा.

नवव्या महिन्यात वाचनालयातून बोलावणं आलं. दीडशे खुर्च्या, चष्म्याचीच गिऱ्हाइकं बहुतेक. मावशी नाही म्हणता म्हणता पेटी पुसायला लागली. मला वाटलं, हीच संधी. मला मामाचा आवाज काढता येतो. उगाच सांगत नाही, एकदा फोनवर मी त्याच्या बायकोला "येताना पाव आणऽ" म्हटलं होतं आणि तिने आणला होता.

"मी होते सर," मी म्हटलं. "हुबेहूब. तुलाही कळणार नाही."

"म्हणूनच नको."

"अगं, पण फोनवर आवाज हवाच. आवाज नसेल तर लोकांना सर कळणारच नाहीत. एक बाई फोन कानाला लावून बसलीय, एवढंच दिसेल."

"पैज?"

"पैज! मी जिंकले तर तो पाण्याचा जग मला शिकवायचा."

"आणि हरलीस तर त्याचा आवाज काढायचा नाही. घरात नाही, मैत्रिणींत नाही, कधीच नाही."

हे जरा जड होतं. तो माझा सगळ्यात चांगला आवाज होता. पण मी हात पुढे केला, कारण हरायचा प्रश्नच नव्हता.

मी चौथ्या रांगेत बसले. फोन वाजला. मावशीने उचलला आणि ऐकायला लागली. नुसतं ऐकायला. आधी पाठ ताठ झाली. मग फोन कानापासून बोटभर लांब गेला, म्हणजे पलीकडून ओरडा. "नाही सर." थांबली. किती थांबावं, तर बरोब्बर एका रागीट वाक्याएवढं. "नाही सर, हात नाही लावला." पर्समधून छत्री वर आली. मग मान खाली गेली, आणि हळूच "तुम्ही जेवलात का सर?" पलीकडच्याने काहीतरी तोडून टाकणारं उत्तर दिलं असावं, कारण माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ "काय माणूस आहे!" असं पुटपुटले. शेवटी कोटाच्या बाहीने तिच्या खांद्यावर थोपटलं, तेव्हा मी मामाला विसरले होते. ते वेगळेच सर होते. मला कोणते दिसले, ते सांगणार नाही.

बाहेर पडताना शेजारच्या आजींनी माझा दंड धरला. "बाळ, ते फोनवर बोलत होते ना, त्यांचा आवाज जरा घोगरा होता. सर्दी झालीय का त्यांना?"

मी मागे जाऊन मावशीला ते जसंच्या तसं सांगितलं. आजींच्या आवाजात. ती हसेल असं वाटलं होतं. ती फोनची वायर गुंडाळत होती, तिचा वेग फक्त कमी झाला.

"म्हणजे तुझा मामा कधी लागतच नव्हता," ती म्हणाली. "तेव्हा लग्न झालं नव्हतं त्याचं. मला वाटायचं घरात एकटा बसतो, असू दे बरोबर." मग तिने पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि माझ्याकडे हात केला. "पैज हरलीस."

हरले. परवा मामा घरी आला होता, नव्या कोटात. मैत्रिणी मागे लागल्या, अगं काढ ना त्याचा आवाज, एकदाच. मी म्हटलं, मला येत नाही.